मतपेटी, शिक्का, मशीन: चोरी नेमकी कुठे अडते? पोलिंग एजंटने काय बघावं?

बोरीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सध्या जेवायला बसलं की एकच विषय निघतो. आजोबा सांगतात, पहिल्या निवडणुकीला ते त्यांच्या वडिलांबरोबर गेले होते आणि तिथे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. कागदावर ना नाव, ना शिक्का. काका म्हणतात, मशीन आलं आणि भरवसा गेला, मतपत्रिकाच परत आणा. भाऊ म्हणतो, कागद होता तेव्हाच खऱ्या चोऱ्या व्हायच्या. तिघंही इतक्या ठामपणे बोलतात की कोणाचं किती खरं तेच कळत नाही.

मला पुढच्या निवडणुकीत आमच्या बूथवर पोलिंग एजंट (केंद्रावर उमेदवाराच्या वतीने लक्ष ठेवणारा माणूस) म्हणून बसायला सांगितलंय. माझी पहिलीच वेळ. नुसतं खुर्चीवर बसून पाणी पिऊन घरी यायचं नाही, नीट काम करायचंय. म्हणून विचारते: पूर्वी चोरी कशी व्हायची, ती अडवायला काय काय केलं गेलं, आणि आज बूथवर बसणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं? ज्यांनी इलेक्शन ड्युटी केली आहे त्यांनी जरूर लिहा.

अहिराणी गडी (पारोळा)

ताई, आमना घरमा बी हाऊच वाद शे! आमचे आप्पा मतमोजणीला बसायचे. मतपत्रिका आधी एकमेकांत मिसळायच्या, मग गठ्ठे बांधायचे, मग मोजायच्या. रात्रभर काम चालायचं. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला निघाला की दोन्हीकडचे लोक टेबलावर चढायचे बाकी. मशीनमध्ये तो एक वाद मिटला. बाकीचं नाना सांगतील, त्यांनी आयुष्यभर ड्युट्या केल्या आहेत.

चोपड्याचे नाना

ताई, तुमच्या आजोबांची आठवण अगदी बरोबर आहे. 1951-52 साली आपला भाग मुंबई राज्यात होता, जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळे-नंदुरबारकडचा पश्चिम खानदेश. त्या निवडणुकीत आडोशामागे उमेदवारांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी तर आंधळ्यालाही सांगता आली असती, असं माझे वडील म्हणायचे. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी. तिच्यावर काही लिहायचं नाही, आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची, बस. मतदार सतरा कोटींवर, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही, म्हणून पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ही पद्धत बसवली. देशभरात सुमारे 25 लाख लोखंडी पेट्या लागल्या. मतपत्रिका छापल्या आपल्या शेजारी नाशिकला, सरकारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये.

पण त्या पद्धतीला एक मोठं भगदाड होतं. कागदावर खूणच नाही म्हटल्यावर तो कोणी टाकला आणि कोणासाठी टाकला हे कागद बघून कळणार कसं? आडोशामागे गेलेला माणूस मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर यायचा आणि ती विकायचा. मग विकत घेणाऱ्याचा माणूस आत जाऊन पाच-सात कागद एकदम आपल्या पेटीत टाकायचा. पेटी फोडायची गरज नाही, सही खोटी करायची गरज नाही. शिवाय एका पेटीतले कागद काढून दुसरीत घातले तरी ओळखू येणार नाहीत. म्हणून 1957 नंतर ही पद्धत मोडीत काढली आणि 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्या उमेदवारांची नावं-चिन्हं एकाच कागदावर आणि मतदाराच्या हातात फुलीचा शिक्का, ही पद्धत देशात बहुतेक ठिकाणी आली. बोटाला लावायची म्हैसूरची शाईदेखील 1962 पासूनचीच. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीला धरतं आणि उजेडात काळं पडतं.

मी नोकरीला लागलो ते शिक्क्याच्या काळात, आणि त्या कामाची बारकाई मला आजही मोलाची वाटते. मतपत्रिकेच्या मागे केंद्राध्यक्षाची (केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्याची) सही आणि केंद्राचा वेगळा शिक्का. स्थळप्रतीवर (मतपत्रिका फाडून दिल्यावर केंद्रात उरणाऱ्या भागावर) मतदाराची सही नाहीतर अंगठा. घडी आधी उभी आणि मग आडवी घालायची, कारण उलट घातली की शाईचा ठसा समोरच्या चिन्हावर उमटतो आणि मत बाद व्हायची पाळी येते. पेटी बंद करताना झाकणातल्या खिडकीमागे कागदी पट्टी बसवायची, तिच्यावर आमची आणि एजंटांची सही, पट्टीचा नंबर कागदोपत्री. मग दोरा, मेणबत्ती, लाख. शाळेच्या वर्गात लाखेचा तो वास दुसऱ्या दिवशीही राहायचा.

एवढं करूनही चोर वाट काढायचेच. सगळ्यात सफाईदार प्रकार साखळीचा. पहिला माणूस कोरी मतपत्रिका बाहेर आणतो. बाहेर बसलेला तिच्यावर शिक्का मारून दुसऱ्याला देतो. दुसरा ती पेटीत टाकतो आणि स्वतःची कोरी बाहेर आणून देतो, तेव्हा त्याला पैसे मिळतात. दिवसभर हे चाललं तरी संध्याकाळी हिशोबात एका कागदाचा फरक. हा प्रकार पकडायचा एकच उपाय होता: पेटीजवळ बसलेल्याने प्रत्येकाच्या हाताकडे बघणं. आणि दांडगाईचा प्रकार म्हणजे केंद्र ताब्यात घेणं. बिहारमध्ये बेगुसरायकडच्या रचियाहीचं नाव 1957 पासून त्यासाठी घेतलं जातं. चार जण आत घुसून गठ्ठेच्या गठ्ठे छापून पेटीत कोंबायचे, अर्ध्या तासात शेकडो मतं.

मशीनने मोडलं ते हे दुसरं. कंट्रोल युनिटवर, म्हणजे मशीनच्या केंद्रातल्या अधिकाऱ्यांकडच्या भागावर, बसलेला अधिकारी बॅलेटचं बटण दाबेल तेव्हाच एक मत पडतं, आणि मिनिटाला चारच्या आसपास मतं पडतात, त्याहून वेगाने नाही. गडबड दिसली की केंद्राध्यक्षाने क्लोजचं बटण दाबायचं, मग कोणी कितीही बटणं बडवली तरी आत काही जात नाही. आमच्यासारख्या रिकाम्या हातांनी बसलेल्या मास्तरांना ते एक बटण म्हणजे केवढा आधार होता, हे बाहेरून कळायचं नाही.

मशीन एका रात्रीत आलं नाही, हेही तुमच्या काकांना सांगा. मे 1982 मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात 50 केंद्रांवर पहिल्यांदा वापरलं. सिवन पिल्लै 123 मतांनी निवडून आले. हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात मतपत्रिका आहे, मशीन नाही, त्यामुळे ही 50 केंद्रं पुन्हा घ्या. ती कागदावर पुन्हा झाली आणि जोस जिंकले. मग 1988 मध्ये कायदा बदलला, मशीनला परवानगी देणारं 61-अ कलम आलं. 1998 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली मिळून 16 विधानसभा मतदारसंघांत मशीन वापरलं आणि 2004 ची लोकसभा पूर्ण मशीनवर झाली. म्हणजे बावीस वर्षं गेली.

आता तुमच्या कामाचं. मला जे कळकळीने सांगायचंय ते एवढंच की मशीन असो वा पेटी, चोरी होते ती एजंटची खुर्ची रिकामी असते तिथे. मी सातपुड्यातल्या पाड्यांवर ड्युटी केली आहे. जीप जिथे थांबते तिथून पुढे मशीन खांद्यावर. तिथे पहाटे साडेपाचला, बॅटरीच्या उजेडात, अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची रंगीत तालीम, सुरू करायचं असतं. सगळ्या उमेदवारांना मिळून किमान 50 मतं टाकायची, रिझल्ट दाखवायचा, व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून जुळवायच्या, मग क्लिअर दाबून सगळ्यांना शून्य दाखवायचं. त्या चिठ्ठ्यांच्या मागे अभिरूप मतदानाचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सील करायच्या. हे सगळं एजंटांसमोर व्हायला हवं. आणि एजंट साहेब उगवतात साडेसातला, कधी आठला! पक्षाची माणसं सभेला ट्रक भरभरून आणतात आणि या दीड तासासाठी एक माणूस देता येत नाही. मला याचा फार राग येतो, आजही येतो. ज्या पक्षाने तो दीड तास फुकट घालवला, त्याने मग निकालानंतर मशीनवर बोलावं का, हा माझा प्रश्न आहे.

तर पहाटे पाचला पोचा. कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट (मतदार ज्याचं बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट तिन्हींचे नंबर लिहून घ्या. शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग रिझल्टच्या कप्प्यावर हिरवी कागदी पट्टी बसवतात, तिच्यावर सही करा आणि तिचाही नंबर टिपा. मतमोजणीला त्या पट्टीला भोक पाडल्याशिवाय रिझल्टच्या बटणापर्यंत बोट जात नाही, म्हणून तो नंबर महत्त्वाचा.

दिवसभर यादीवर लक्ष. आपल्याकडची निम्मी तरणी पोरं सुरतला, कोणी पुण्याला, कोणी नाशिकला. मयताची नावं, गाव सोडलेल्यांची नावं यादीत राहतात आणि बोगस मतदान होतं ते त्यांच्याच नावावर. मशीन त्यात काही करू शकत नाही, ते बटण ओळखतं, माणूस ओळखत नाही. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. त्या नावाचा माणूस आला की कान टवकारा. खात्री असेल तर 2 रुपये भरून आक्षेप घेता येतो, केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. शाई लावण्याआधी बोट बघा. तेल किंवा तूप चोळून आलेले असतात, म्हणून साहित्यात फडका दिलेला असतो. पुसून मगच शाई, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ.

एकदा एक बाई सुरतहून रात्रीच्या गाडीने मतदानाला आली. कडेवर लेकरू. यादीत बघितलं तर तिच्या नावापुढे खूण झालेली, म्हणजे कोणीतरी आधीच मत देऊन गेलेलं. एजंट म्हणाले, "जाऊ द्या सर, एका मताने काय होतं." तिचे डोळे भरून आले. मी तिची ओळख तपासली आणि प्रदत्त मताची मतपत्रिका दिली. अशा मतदाराला मशीनवर नाही, कागदावर मत देता येतं आणि ते वेगळ्या पाकिटात जातं. एरवी ते मोजत नाहीत, पण खटला उभा राहिला तर न्यायालय बघू शकतं. 2008 मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा एका मताने काय होतं असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

शिरपूरहून पुण्यात

नाना, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझी शंका वेगळी आहे. तुम्ही सांगता ते सगळं बूथवरचं. मशीनच्या आतलं एजंटला दिसत नाही. 2010 मध्ये संशोधक हरी प्रसाद आणि त्यांच्या दोन परदेशी सहकाऱ्यांनी खरं मशीन मिळवून दाखवलं होतं की डिस्प्लेचा भाग बदलला तर आकडे बदलता येतात. शिवाय व्हीव्हीपॅट आल्यापासून त्यात उमेदवारांची नावं-चिन्हं लॅपटॉपवरून चढवावी लागतात. पूर्वी मशीनला कोणतं बटण कोणाचं हेच माहीत नव्हतं, आता एका भागाला ते माहीत असतं. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये त्यांच्याकडच्या मशीनचा वापर याच मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवला होता: साध्या नागरिकाला तज्ज्ञाशिवाय पडताळता आलं पाहिजे. चिठ्ठ्या छापतोच आहोत तर सगळ्या मोजायला काय हरकत आहे?

चोपड्याचे नाना

शंका रास्त आहे, आणि अशी शंका विचारणाऱ्याला गप्प बसवू नये असं मला मनापासून वाटतं. त्या 2010 च्या प्रयोगात मशीन त्यांच्या हातात होतं, उघडून आतला भाग बदलता आला. म्हणजे प्रश्न येतो ताब्याचा: मशीन कोणाच्या ताब्यात, कुलूप कोणाचं, सील कोणी बघितलं. म्हणून कोणतं मशीन कोणत्या मतदारसंघात आणि मग कोणत्या केंद्रावर, हे दोनदा संगणकावर सरमिसळ करून ठरवतात, दुसऱ्या वेळी उमेदवारांना बोलावून. तिथेही किती उमेदवारांची माणसं हजर राहतात ते जरा विचारून बघा.

चिठ्ठ्यांचं म्हणाल तर कागदाची साक्ष हवी हे सर्वोच्च न्यायालयानेच 2013 मध्ये सांगितलं. 2019 च्या लोकसभेला सगळीकडे व्हीव्हीपॅट लागलं आणि तेव्हापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या 5 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा ही मागणी एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने नाकारली. पण तुमचा लॅपटॉपचा मुद्दा त्यांनी सोडला नाही: चिन्हं चढवायचं युनिट निकालानंतर 45 दिवस सील करून ठेवायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत पैसे भरून मागितलं तर 5 टक्के मशीनची तपासणी. माझं स्वतःचं मत विचाराल तर पाचापेक्षा जास्त केंद्रं मोजावीत. आम्ही रात्र-रात्र मतपत्रिका मोजल्या आहेत, एक दिवस उशीर झाला म्हणून लोकशाहीचं काही बिघडत नाही.

मतदारालाही एक हक्क आहे, तो फारसा कोणाला माहीत नाही. चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते. बटण एकाचं दाबलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली असं वाटलं तर तिथेच तक्रार करायची, लेखी द्यायचं. केंद्राध्यक्ष एजंटांसमोर चाचणी मत टाकायला लावतो. खरं निघालं तर मतदान थांबतं, खोटं निघालं तर तक्रार करणाऱ्यावर कारवाई. म्हणून ते सात सेकंद चिठ्ठीकडे बघा, लोक बटण दाबून लगेच वळतात.

नंदुरबारकर

सगळे मशीनवर बोलताय, आमच्याकडचं उदाहरण देतो. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि आमच्या तालुक्यातलं खोंडामळी. कारण काय, तर पदांचा लिलाव. देवळाच्या कामासाठी म्हणून बोली लावली गेली. तिथे मतदानच होणार नव्हतं, मग पेटी काय आणि मशीन काय. ताई, तुम्ही स्थानिक निवडणुकीला बसणार असाल तर ध्यानात ठेवा: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद या निवडणुका राज्य आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट नसतं. नियमही थोडे वेगळे, ते तहसीलमधून आधी विचारून घ्या.

बोरीकाठची

खूप आभार सगळ्यांचे. नानांचा प्रतिसाद मी काकांना आणि आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. काका म्हणाले, "सगळ्या चिठ्ठ्या मोजा, मग माझं काही म्हणणं नाही." भाऊसुद्धा त्याला हो म्हणाला.

मी विधानसभेला बसणार आहे. एकच राहिलं: मतदान संपल्यावर काय? 17 सी म्हणून काही कागद मिळतो असं ऐकलंय. मागितला आणि दिला नाही तर?

चोपड्याचे नाना

मागायचाच. नियम 49-एस प्रमाणे मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक एजंटला 17 सी या मतांच्या हिशोबाच्या नमुन्याच्या पहिल्या भागाची खरी प्रत द्यायची असते आणि त्याची पोच घ्यायची असते. म्हणजे ती मेहेरबानी नाही, केंद्राध्यक्षाचं काम आहे. टाळाटाळ झाली तर सेक्टर अधिकाऱ्याला तिथूनच कळवायला सांगा. भांडू नका, त्या वेळी केंद्राध्यक्ष पहाटेपासून उपाशी असतो, पण जागचे हलू नका. पोच देऊन प्रत घेतल्याशिवाय एजंट निघून जातात ते थकव्यामुळे, तेवढं मन घट्ट करा.

त्या कागदावर मशीनमधली एकूण मतं, नोंदवहीतले मतदार, चाचणी मतं, प्रदत्त मतं आणि कागदी पट्ट्यांचे नंबर असतात. तुम्ही सकाळी टिपलेले नंबर जुळवा. दिवसभर दर दोन तासांनी नोंदवहीचा आकडा आणि मशीनवरचं टोटल ऐकून लिहीत गेलात तर संध्याकाळी जुळवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्रत त्याच रात्री उमेदवाराकडे पोचवा. मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात तुमच्या केंद्राचा तो कागद असला तरच तो मशीनचा नंबर आणि एकूण मतांचा आकडा पडताळून बघू शकतो. नाहीतर त्याला समोरून वाचून दाखवलेलं लिहून घेण्यापलीकडे काही करता येत नाही.

मोबाइल आत चालत नाही, म्हणून दोन पेनं आणि वही न्या. आणि नमुना 10 वर (एजंटच्या नेमणुकीच्या कागदावर) उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही आधीच घेऊन ठेवा, त्याशिवाय पहाटे कोणी आत बसू देणार नाही.